कोरा

मतपेटी आरपार दिसणारी असते आमच्याकडे.
आतलं सगळं दिसतं, कुणाचं काय ते सोडून.
बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात ठेवतात ती.
पोरं गेली, ठेंगणी टेबलं राहिली,
म्हणून यादीवर सही करताना
सगळं गाव कमरेत वाकतं.

रविवारी उठून खुराड्याची भिंत सारखी केली,
हात धुतले, कोट चढवला, गेलो.
दोन गठ्ठे, दोन नावं.
पहिल्या फेरीला अकरा होती,
चाळणीत खडे उरतात तशी ही उरली.

जावई फोनवर म्हणाला होता,
बाबा, या खेपेला हट्ट नको,
दगडापेक्षा वीट मऊ.

त्याला काय सांगू.
एकतीस वर्षं विटा भाजल्या मी.
कच्ची असते मऊ, खरं आहे,
मांजर चाललं तरी पावलं उमटतात.
पण भट्टीतून निघालेली पायावर पडली की कळतं,
दगडाची सख्खी बहीण.

दगडाने आमची भट्टी बंद केली.
विटेने बंद फाटकापुढे फोटो काढले,
माझा हात हातात घेतला
आणि गाडीत बसताना रुमालाला पुसला.
त्या दिवशी माझे हात स्वच्छ होते.

पडद्याआड खिशातून काढला
रात्री कात्रीने कापलेला कागद,
चिठ्ठीएवढा, दोन्ही बाजूंनी कोरा.
युजेनीच्या पत्रांच्या वहीतलं शेवटून दुसरं पान.
शेवटचं ठेवलं. असावं एखादं.

लुबिन मासे धरायला गेला होता.
म्हणाला, कोराच टाकायचा तर जायचं कशाला?
अरे, जो आलाच नाही
तो रागावलाय की झोपलाय,
कुणाला कळावं?

संध्याकाळी मोजणीला चौघं बसलो.
मी पाकिटं उघडायला, सोलांज वाचायला,
तिबो आणि औषधवाल्याचा मुलगा रेघा मारायला.
ती नावं वाचत होती, मला ऐकू येत होतं
दगड, वीट, वीट, दगड.
एक पाकीट रिकामंच. ते कोऱ्यात.
एका चिठ्ठीवर नाव खोडून लिहिलेलं:
बुधवारची बस परत द्या.
रद्द, सोलांज म्हणाली आणि क्षणभर थांबली.
तीही जायची त्या बसने.

मग एक पाकीट उघडलं
आणि कात्रीची वाकडी चाल ओळखीची वाटली.
डाव्या कोपऱ्यात अंगठा.
विटकरी. रेघ न् रेघ मोजावी असा.

सोलांजने दिव्याखाली धरला.
तिबो म्हणाला, खूण आहे. खुणेचा कागद रद्द.
ती म्हणाली, डाग आहे हा, खूण नव्हे.
डाग कुठे संपतो आणि खूण कुठे सुरू होते
हे नियमांच्या वहीत नव्हतं.
मुलगा तिबोसारखं नाही म्हणाला, तिच्यासारखंही नाही.
तिघं माझ्याकडे बघायला लागले.
मी हात टेबलाखाली घेतले.

कोरा म्हणालो असतो
तर स्वतःच्याच बाजूने बोलल्यासारखं झालं असतं,
आणि त्यासाठी कधी कुणी मला निवडलेलं नाही.
रद्द, मी म्हणालो.

मागच्या बाजूला चौघांनी सह्या करायच्या असतात.
माझी नेमकी अंगठ्याच्या पाठीवर आली.
एकाच कागदावर एकाच माणसाचा
अडाण्याचा अंगठा, शहाण्याची सही.

कोरे एक्केचाळीस. रद्द सात.

आठ वाजता टीव्हीवर वीट जिंकली.
शंभरातले इतके, शंभरातले तितके.
त्या शंभरात आम्ही धरलेलोच नव्हतो.

खुर्च्या रचून झाल्या.
दिवे मालवताना सोलांजने
माझ्याकडे न बघताच विचारलं,
गास्पार, खुराडं झालं का रे?

एक भिंत राहिलीय, मी म्हणालो.